झोपाळ्यावरून दिसणारा टीव्ही

आमचा पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही गेल्या महिन्यात अखेर बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, "अक्का, ह्याची ट्यूब आता मिळत नाही." सर्वांत जास्त हळहळले ते मामंजी. वय चौऱ्याऐंशी, ऐकू फार कमी येतं. झोपाळ्यावर बसून पडद्याखालची बातम्यांची पट्टी वाचणं हाच त्यांचा विरंगुळा. मळमड्डीतल्या घराबाहेरचं जग त्यांना त्या पट्टीतूनच कळतं.

पुण्याहून मुलाने फोनवर फर्मावलं, "आई, ओएलईडीच घ्या." सुभाष रोडवर दुकानात गेलो, तर भिंतभर पडदे झगमगत होते. एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी! डोकं गरगरलं. मग दोन दिवस चौकशी केली.

एलईडी म्हणून विकला जातो तो मुळात एलसीडीच. त्याचा पडदा स्वतः उजळत नाही, मागे एलईडी दिव्यांचा उजेड असतो. क्यूएलईडीतही तेच, फक्त क्वांटम डॉटच्या थरामुळे रंग जास्त खुलतात. ओएलईडीत मात्र प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि विझतो. म्हणून काळा रंग खरोखरच काळा दिसतो, बाजूने पाहिलं तरी चित्र फारसं फिकं पडत नाही. प्लाझ्माचेही ठिपके स्वतःच उजळत, पण पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस तो बनवणं थांबवलं.

मग ओएलईडी का नको? एक तर किंमत. दुसरं म्हणजे, मामंजींचं चॅनेल दिवसभर एकच. तीच पट्टी, तोच शिक्का, त्याच जागी. ओएलईडीवर अशा न हलणाऱ्या चित्राचा कायमचा डाग उमटू शकतो. एलसीडीत ती भीती बरीच कमी.

एलसीडीतही दोन जाती आहेत. 'व्हीए'मध्ये काळा रंग गडद, पण बाजूने पाहिलं की रंग उतरतात. 'आयपीएस'मध्ये काळा थोडा राखाडी, पण बाजूने चित्र चांगलं दिसतं. आमचा झोपाळा पडला कोपऱ्यात! म्हणून त्रेचाळीस इंची आयपीएस घेतला. २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेवढाच हातभार.

मैत्रिणींनो, दुकानात गेलात तर डेमोची फुलं-फुलपाखरं पाहून भुलू नका. बातम्यांचं चॅनेल लावायला सांगा, झगमगाट कमी करून घ्या आणि घरातलं वडीलधारं माणूस जिथे बसतं, तिथून दिसेल तसं तिरकं उभं राहून पाहा. जुना टीव्ही भंगारात फोडायला देऊ नका, त्याच्या काचेत शिसं असतं. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

परवा संध्याकाळी स्वयंपाकघरात होते, तोच झोपाळ्यावरून मामंजींचा आवाज आला, "अगं, मलप्रभेला पाणी वाढलं म्हणे!" चष्मा पुसत पुढची पट्टी वाचू लागले. मुलाला फोन करून सांगितलं, टीव्ही चांगला लागलाय.