सेगा हरली, पण ब्राझीलमध्ये नाही

१/ व्हिडिओ गेमच्या इतिहासात १९८०च्या दशकाची कथा ठरलेली असते : निन्टेंडो जिंकली, सेगाची ‘मास्टर सिस्टीम’ हरली. जपान आणि अमेरिकेपुरते ते खरे आहे. ब्राझीलमध्ये मात्र हेच ‘हरलेले’ यंत्र पुढे कित्येक वर्षे विकले जात राहिले. त्याचे कारण यंत्राच्या गुणांत नव्हे, त्या देशाच्या कायद्यांत आणि भाषेत शोधावे लागते.

२/ १९८४च्या कायद्याने ब्राझीलने संगणक-उद्योग देशी कंपन्यांसाठी राखून ठेवला. आयातीवर कडक निर्बंध होते. निन्टेंडोचे यंत्र तिथे पोहोचले ते देशी नकलांच्या रूपात. ग्रादिएंते कंपनीची ‘फँटम सिस्टीम’ ही त्यांपैकीच एक. खुद्द निन्टेंडो अधिकृतपणे आली १९९३ मध्ये.

३/ सेगाने आधीच दुसरी वाट धरली होती. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या टेकटॉय या ब्राझिली कंपनीशी तिने करार केला. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मनौस या करसवलतीच्या क्षेत्रात उत्पादन होऊ लागले आणि १९८९ मध्ये मास्टर सिस्टीम दुकानांत आली.

४/ टेकटॉय सुटे भाग जोडून थांबली नाही. तिने ‘फँटसी स्टार’ पोर्तुगीज भाषेत आणला. ‘वंडर बॉय’ मालिकेतील एका खेळाचा नायक काढून त्याच्या जागी मोनिका आणली. मौरिसियो द सौझा यांच्या चित्रकथांतली ही मुलगी ब्राझीलच्या घरोघरी ओळखीची होती. १९९७ मध्ये, इतरत्र हे यंत्र अडगळीत गेल्यावर, त्याच्यासाठी खास ‘स्ट्रीट फायटर २’ काढला.

५/ याचा अर्थ संरक्षक धोरण निर्दोष होते, असा नाही. त्याच धोरणाने नकलांना आणि पॅराग्वेमार्गे होणाऱ्या तस्करीला खतपाणी घातले. शिवाय बंद दरवाजाचा लाभ नकला करणाऱ्यांनाही मिळाला होता. टेकटॉयचे वेगळेपण हे, की तिने ग्राहकाला त्याच्या भाषेत, त्याच्या ओळखीच्या पात्रांसह खेळ दिला.

६/ म्हणून ‘कालबाह्य’ हा शब्द इतिहासात जपून वापरावा. यंत्र कालबाह्य कुठे झाले आणि कोणासाठी, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ शोध लावणाऱ्या देशांतून लिहिला, तर पडद्यावर प्रथमच आपली भाषा वाचणारे ब्राझिली मूल त्यातून गळून पडते. त्या मुलाच्या लेखी सेगा कधी हरलीच नव्हती.