शस्त्रसंधीचे अठ्ठावीस दिवस

११ जून १९४८ रोजी पॅलेस्टाईनच्या रणभूमीवरील तोफा थंडावल्या, तेव्हा जन्मून जेमतेम चार आठवडे झालेल्या इस्रायलची अवस्था बिकट होती. जेरूसलेमच्या जुन्या शहरातील ज्यू वस्ती २८ मे रोजी शरण गेली होती. तेल अवीवहून जेरूसलेमकडे जाणारा हमरस्ता ट्रान्सजॉर्डनच्या अरब लीजनने लात्रून येथे अडवून धरला होता. डोंगरातून पर्यायी कच्चा रस्ता फोडून वेढ्यातील नगरीला रसद पोहोचविण्यात आली, तीही शस्त्रसंधीच्या उंबरठ्यावर. संयुक्त राष्ट्रसंघाचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांनी घडवून आणलेला हा विराम दोन्ही पक्षांना हवा होता. तो कशासाठी हवा होता, याचे उत्तर मात्र दोघांचे निराळे होते.

विरामकाळात कोणीही शस्त्रबळ वाढवू नये, अशी अट होती. ती दोघांनीही मोडली. इस्रायलने ती अधिक कसोशीने मोडली, हे मान्य करण्यास त्याच्या चाहत्यांनीही लाजू नये. चेकोस्लोव्हाकियातून बंदुका, मशीनगन आणि लढाऊ विमाने आली. मे महिन्यात तीस-पस्तीस हजारांची असलेली सेना जुलैच्या मध्यास साठ हजारांच्या पुढे गेली. अरबांनीही सैन्य वाढविले. पण राजा अब्दुल्ला आणि राजा फारूक यांचा परस्परांवर विश्वास नव्हता. शिवाय ब्रिटनने शस्त्रबंदी पाळल्यामुळे अरब लीजनचे दारूगोळ्याचे कोठार रिते होऊ लागले.

परंतु या चार आठवड्यांतील सर्वांत कठीण लढाई अरबांशी झालीच नाही. इर्गुन या जहाल संघटनेचे ‘अल्तालेना’ हे जहाज शेकडो स्वयंसेवक आणि हजारो बंदुका घेऊन २० जून रोजी किनाऱ्याला लागले. शस्त्रांचा काही वाटा आपल्या माणसांना मिळावा, असा इर्गुनचे नेते मेनाहेम बेगिन यांचा आग्रह होता. राष्ट्रात सेना एकच असेल, असे पंतप्रधान बेन गुरियन यांनी बजावले आणि २२ जून रोजी तेल अवीवच्या किनाऱ्यासमोर त्या जहाजावर तोफ डागविली. या संघर्षात इर्गुनचे सोळा आणि सेनेचे तीन जण मारले गेले. बेगिन स्वतः जहाजावर होते. सूड त्यांना अशक्य नव्हता. पण बंधुयुद्ध होऊ द्यायचे नाही, असे त्यांनी आपल्या लोकांना सांगितले. बेन गुरियन यांच्या कठोरपणाची चर्चा पुष्कळ होते. बेगिन यांच्या या संयमाची तेवढी होत नाही, आणि संघटनेत काम करणाऱ्याने खरे तर तोच अधिक अभ्यासावा. हेच बेगिन १९७७ मध्ये पंतप्रधान झाले.

मुदत वाढविण्यास अरब राष्ट्रांनी नकार दिला. इजिप्तने तर मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी, ८ जुलैलाच आघाडी उघडली. पुढील दहा दिवसांत लिद्दा, रामले आणि नाझरेथ इस्रायलच्या हाती आले. लात्रून मात्र पडले नाही. लिद्दा-रामलेतील पन्नास हजारांवर अरबांना घरे सोडावी लागली. त्या निर्वासितांचा प्रश्न आजही सुटलेला नाही. दुसऱ्या शस्त्रसंधीत, १७ सप्टेंबर रोजी, लेही या गटाने बर्नाडोट यांची हत्या केली. तो विजयाला लागलेला कलंकच होता.

हा धडा अरबांनीही पुढे गिरवला. ऑगस्ट १९७० मध्ये युद्धविराम लागू होताच इजिप्तने विमानविरोधी क्षेपणास्त्रे सुवेझ कालव्याच्या दिशेने पुढे सरकवली. ऑक्टोबर १९७३ च्या युद्धात इस्रायली विमानांना त्यांची जबर किंमत मोजावी लागली.

१९४८ च्या अखेरीस भारतही युद्धात होता. नोव्हेंबरमध्ये जनरल थिमय्या यांनी झोजिला खिंडीत रणगाडे चढवून लडाखचा मार्ग मोकळा केला होता, पूंछचा वेढा उठला होता. हिवाळा आणि रसद यांच्या अडचणी होत्या, हे खरे. तरीही पारडे भारताकडे झुकत होते. डिसेंबरअखेर इस्रायली सेना सिनाईत शिरून एल अरिशच्या रोखाने निघाली होती आणि ब्रिटनचा दबाव आल्यावरच मागे फिरली. त्याच सुमारास, १ जानेवारी १९४९ रोजी, दिल्लीने काश्मीरमध्ये युद्धविराम स्वीकारला. मुझफ्फराबाद, मीरपूर आणि गिलगिट त्या दिवशी रेषेपलीकडे होते. आजही ते तेथेच आहेत.