खेचरांची रांग आणि बादलीभर पाणी



चक्रीवादळ म्हटलं की डोळ्यांसमोर समुद्र येतो, हो ना? उधाणलेल्या लाटा, आडव्या झालेल्या नारळी-पोफळी, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या. डोंगरात राहणाऱ्या माणसाला चक्रीवादळाची कसली भीती, असं तुम्हाला वाटेल. आज मी तुम्हाला अशाच एका डोंगरातल्या गावाची गोष्ट सांगणार आहे. आधी नकाशा घेऊन बसा बरं.

अमेरिकेच्या नकाशात आग्नेय कोपऱ्याकडे बघा. खाली समुद्रात शिरलेली जीभ दिसते ती फ्लोरिडा. तिथून वर सरकलात की नॉर्थ कॅरोलायना हे राज्य लागेल. त्याच्या पश्चिम टोकाला ब्लू रिज नावाची डोंगररांग आहे आणि त्या डोंगरांत अॅशव्हिल हे शहर. आपलं पुणं समुद्रसपाटीपासून जेवढ्या उंचीवर आहे, त्याहून हे थोडं जास्तच उंच.

२६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री 'हेलीन' नावाचं चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग होता ताशी सुमारे २२५ किलोमीटर. तिथून अॅशव्हिल किती लांब? जवळजवळ ६०० किलोमीटर. तरीसुद्धा दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे हाहाकार उडाला.

असं का झालं, ते नीट समजून घ्या. हेलीन पोचण्याच्या आधीच त्या डोंगरांत धो धो पाऊस सुरू झाला होता. माती भिजून फुगली होती, तिच्यात आणखी पाणी मुरायला जागाच नव्हती. मग वादळ आलं. समुद्रावरून आणलेली ओली हवा डोंगराला आपटून वर चढली, थंड झाली आणि सगळं पाणी तिथेच ओतून मोकळी झाली. (सह्याद्रीच्या घाटात पावसाळ्यात हेच तर होतं! भूगोलात शिकलाय तुम्ही.) बझिक नावाच्या एका वस्तीत तीन दिवसांत सुमारे ७८० मिलिमीटर पाऊस पडला. उभ्या उताराच्या दऱ्या, त्यामुळे सगळं पाणी एकदम खाली. फ्रेंच ब्रॉड नदीने अॅशव्हिलमध्ये १९१६ सालच्या महापुराचा विक्रम मोडला. स्वानानोआ नदीने तर घरंच्या घरं उचलून नेली. डोंगरात दोन हजारांहून जास्त ठिकाणी दरडी कोसळल्या.

त्या एका राज्यात शंभराहून अधिक माणसं गेली. मुलांनो, हा आकडा वाचून भरकन पुढे जाऊ नका. क्षणभर थांबा.

आता जे वाचले त्यांचं बघू. रस्ते वाहून गेलेले, पूल तुटलेले. वीज नाही, नळाला पाणी नाही. आणि फोन? मोबाईलचे मनोरे बंद पडलेले. ज्या देशात सगळी कामं फोनवर होतात, तिथे शेजारच्या डोंगरावरची आई जिवंत आहे की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

अशा वेळी कामाला आली एक जुनीच गोष्ट. हॅम रेडिओ! काही लोकांना घरी छोटं बिनतारी यंत्र ठेवून दूरदूरच्या लोकांशी बोलायचा छंद असतो. त्याची परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडेही असे छांदिष्ट आहेत. त्या भागात माउंट मिचेल नावाचं २,०३७ मीटर उंचीचं शिखर आहे आणि तिथे या मंडळींचं एक उपकरण बसवलेलं आहे. खालून आलेला क्षीण आवाज ते पकडतं आणि जोरात पुढे पाठवतं. वादळात ते चालू राहिलं. मग काय, दिवसरात्र निरोप सुरू झाले. अमुक रस्त्यावर दरड आहे, तमुक घरी ऑक्सिजन संपत आलाय, या पत्त्यावरच्या आजींना कोणीतरी बघून या. ज्यांना कालपर्यंत शेजारीपाजारी 'काय हे खुळ' म्हणून हसत असतील, तेच आता सगळ्या खोऱ्याचे कान झाले होते.

बाकीच्यांनी गाडीत बसून गाडीचा रेडिओ लावला. स्थानिक केंद्रावरून माहिती मिळे. पाणी कुठे वाटतायत, कोणता रस्ता उघडला. काही गावांत लोक रोज चौकात जमायचे. ज्याला जे कळलं असेल ते तो सांगायचा.

यानंतरची गोष्ट माझी सगळ्यात आवडती. खेचरांची. खेचर म्हणजे गाढव आणि घोडी यांचं पिल्लू, माहीत आहे ना? त्याच राज्यात माउंट उल्ला नावाच्या गावी खेचरं पाळणारी आणि त्यांना ओझी वाहायला शिकवणारी मंडळी आहेत. जिथे ट्रक जाईना तिथे ही मंडळी आपली खेचरं घेऊन निघाली. एकेका खेचराच्या पाठीवर ८०-९० किलो ओझं. अन्नाची पाकिटं, पाणी गाळायची साधनं, लहान बाळांची लंगोटं आणि मधुमेहाच्या रोग्यांसाठी इन्शुलिन. पडलेली झाडं, चिखल, तुटलेली वाट यांतून रांग लावून खेचरं वर चढत होती. खेचराला आपण अडेल म्हणून नावं ठेवतो. पण पाय ठेवायची जागा पक्की वाटल्याशिवाय ते पाऊल टाकत नाही, म्हणूनच तर अशा वाटेवर त्याचा भरवसा!

गावात तोवर काय चाललं होतं? वीज नाही म्हणजे फ्रीज बंद, म्हणजे आतलं सगळं नासणार. लोकांनी ते बाहेर काढलं आणि अंगणात चुली, शेगड्या पेटवून शिजवलं. जो येईल त्याला जेवायला. हॉटेलांच्या आचाऱ्यांनीही फुकट जेवणं रांधली. मार्शल नावाच्या नदीकाठच्या गावात दुकानांत गुडघाभर चिखल साचला होता. तिथे ओळखीचे, अनोळखी, सगळे फावडी घेऊन उतरले. मदत देशभरातून येत होती. जुन्या कपड्यांचे तर ढीग लागले. शेवटी मदत केंद्रांना सांगावं लागलं, 'आता कपडे नकोत हो!' गरज होती पाण्याची, औषधांची. द्यायच्या आधी विचारावं, हे आपण मोठी माणसंसुद्धा विसरतो.

आता जरा हसू नका हं. पाणी नसेल तर संडासात काय टाकायचं?

हसलात ना? पण विचार करा. आठव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, काठी घेऊन चालणाऱ्या आजोबांनी काय करायचं? खाली ओढ्यावर जाऊन बादली भरून आणायची? लिफ्टही बंद. अॅशव्हिलमध्ये काही जणांच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी चक्क तेवढंच काम हाती घेतलं. ओढ्याचं, तळ्याचं, मिळेल तिथलं पाणी टाक्यांत भरायचं, म्हाताऱ्या माणसांच्या इमारतींपाशी न्यायचं, बादल्या घेऊन जिने चढायचे, दार वाजवायचं आणि संडासात पाणी ओतून यायचं. रोज. या कामाचे फोटो खेचरांइतके छान येत नाहीत. मला विचाराल तर हे काम खेचरांच्या कामाहून जराही कमी नव्हतं. आणि दार वाजवलं की दारातल्या माणसाची चौकशीही होतेच. औषध आहे का, जेवलात का.

हे किती दिवस चाललं असेल? शहराला बहुतेक पाणी नॉर्थ फोर्क नावाच्या धरणातून येतं. त्याचे मोठे नळ वाहून गेले. २००४ सालच्या पुरातही असंच झालं होतं, म्हणून त्यानंतर एक जादा नळ सुमारे २५ फूट खोल पुरून ठेवला होता. या वेळी तोही गेला! ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत घरोघरी पाणी आलं, पण ते पिण्याजोगं नव्हतं. धरणाचं पाणी चहासारखं झालं होतं आणि त्यातली माती इतकी बारीक, की खाली बसायलाच तयार नाही. मग तिथल्या तंत्रज्ञांनी धरणातच अॅल्युमिनियम सल्फेट सोडलं. ही आपल्या तुरटीची सख्खी बहीण! आपल्या आज्या पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवायच्या ना, तसंच, फक्त हंडा अख्ख्या धरणाएवढा. अखेर १८ नोव्हेंबरला नळाचं पाणी पुन्हा प्यायला हरकत नाही असं जाहीर झालं. वादळानंतर ५३ दिवसांनी.

पालकांनाही एक विचारते. तुमच्या मुलांना तुमचा फोन नंबर पाठ आहे का? आमच्या चौथीच्या वर्गात विचारलं तर अर्ध्या मुलांनी सांगितलं, 'तो फोनमध्येच आहे, बाई.' एका कागदावर चार नंबर आणि घरातल्यांची औषधं लिहून दाराच्या मागे लावा. सेलवर चालणारा एखादा रेडिओ असेल तर तो माळ्यावरून खाली काढा.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक प्रयोग. काचेचे दोन सारखे पेले घ्या. दोन्हींत पाणी भरून चमचाभर माती ढवळा. एका पेल्यात तुरटीचा खडा आठ-दहा वेळा फिरवा, दुसरा तसाच ठेवा. माती इतकी हळू खाली बसते, कारण तिचे बारीक कण एकमेकांना लांब ढकलत राहतात. तुरटीमुळे ते एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि बुडतात. दर पाच मिनिटांनी बघा आणि वहीत टिपून ठेवा. ते पाणी प्यायचं मात्र नाही हं! नितळ दिसलं तरी जंतू त्यात असतातच. कोणता पेला किती वेळात नितळला, ते मला पत्राने कळवा.