ब्रँड कंपनीचा, आयडिया विद्यार्थ्यांची. मग नवा प्रॉडक्ट कुणाचा?

घराघरांत माहीत असलेला ब्रँड निवडा आणि त्याच नावाने नवी वस्तू आणून दाखवा. मॅनेजमेंटच्या वर्गांत हा प्रोजेक्ट हमखास दिला जातो. याला म्हणतात ब्रँड एक्स्टेंशन.

उदाहरण आपल्याच स्वयंपाकघरातलं. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या 'सफोला'ची ओळख करडईच्या तेलाची; हृदयाला जपणारं तेल, अशी त्याची जाहिरात. २०१० मध्ये त्याच नावाने ओट्स आले, पुढे मसाला ओट्स, २०२० मध्ये मध. तेलाचं मधाशी नातं काय? चवीचं तर नाहीच. नातं आहे 'तब्येतीला बरं' या भरवशाचं. तरी 'सफोला झेस्ट' हा स्नॅक काही टिकला नाही. बरेच प्रोजेक्ट इथेच फसतात: लोगो ओळखीचा आहे, म्हणजे लोक घेणारच!

पण समजा, आयडिया खरंच भारी निघाली तर?

ट्रेडमार्क कंपनीचा, त्यामुळे परवानगीशिवाय विद्यार्थी त्या नावाने काही विकू शकत नाहीत. आणि कॉपीराइट? तो मिळतो मांडणीला, म्हणजे रिपोर्टला, डिझाइनला. नुसत्या कल्पनेला नाही. सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलंय. थोडक्यात, तुमची पीपीटी उचलली तर दाद मागता येते, नुसती आयडिया उचलली तर अवघड.

त्यामुळे हाच प्रोजेक्ट कंपनीच्या स्पर्धेत पाठवणार असाल, तर बक्षिसाच्या रकमेआधी नियमावली वाचा. 'सर्व हक्क आयोजकांकडे' अशी ओळ त्यात असू शकते.