सोळा शुक्रवार आणि एक ताजी भाकरी

पाथर्डी तालुक्यातल्या मढीला फाल्गुनात कानिफनाथांची यात्रा भरते. आम्हा मुलांना तिथल्या गाढवांच्या बाजाराइतकीच तंबूतल्या सिनेमाची ओढ असे. १९७५ साली प्रदर्शित झालेला ‘जय संतोषी माँ’ आमच्या घराने तिथेच पाहिला, दोन-तीन वर्षे उशिराने. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, सगळेच भुईवर. पडद्यावर अनिता गुहांची देवी प्रकटली, तशा माझ्या आजीने वहाणा दूर सरकवल्या आणि हात जोडले. उषा मंगेशकरांच्या आवाजातली आरती सुरू झाली, तेव्हा पडद्याच्या दिशेने नाणी उडाली.

विजय शर्मा यांचा हा चित्रपट भक्तिपट म्हणून गाजला. ‘शोले’ आणि ‘दीवार’च्या वर्षात या साध्या चित्रपटाने अमाप गर्दी खेचली. पण आतली गोष्ट पाहिली तर ती आपल्या मुलांना ठाऊक असलेल्या सिंड्रेलाची सख्खी बहीण वाटते. तिथे सावत्र आई आणि बहिणी, इथे छळणाऱ्या जावा. तिथे परी, इथे देवी. तिथे राजपुत्र, इथे परदेशी गेलेला आणि संपन्न होऊन परतलेला नवरा बिरजू. कानन कौशलची सत्यवती सोळा शुक्रवारांचे व्रत करते, आंबट वर्ज्य करते, गूळ-फुटाण्यांचा नैवेद्य दाखवते. शार्ल पेरोने १६९७ साली छापलेल्या कथेतली सिंड्रेला शेवटी बहिणींना क्षमा करते. सत्यवतीच्या मनातही सूड नाही.

त्या रात्री घरी परतल्यावर एक गोष्ट घडली. आमच्याकडे धाकटी काकू सर्वांच्या मागून जेवायची. उरलेसुरले, बहुधा सकाळचेच. आजीने हाक मारली, “धाकटे, ये, माझ्याशेजारी बस जेवायला.” तव्यावरची गरम भाकरी तिने स्वतः काकूच्या ताटात टाकली. काकूला घास गिळवेना. आजी एवढेच म्हणाली, “जेव. गार होईल.”

हा बदल चार-आठ दिवस टिकला. मग काकू पुन्हा मागून जेवू लागली. तिने शुक्रवार मात्र धरले, अगदी सोळाही पुरे केले.

असे चित्रपट भाबडे म्हणून मोडीत काढणारे आहेत, आणि संस्कार म्हणून डोक्यावर घेणारेही. मला दोघांशीही पूर्ण सहमत होता येत नाही. सोसणाऱ्या बाईला त्यातून धीर मिळतो, तो खोटा नसतो. पण या गोष्टी धीराचा सगळा भार तिच्याच खांद्यावर ठेवतात. घरची माणसे शहाणी होतात ती वैभव किंवा चमत्कार दारात आल्यावर. त्याआधी कोणालाच काही का वाटू नये?

म्हणून वाटते, अशी गोष्ट सासूने, नवऱ्याने, जावांनी एकत्र बसून पाहावी. आज घरातला प्रत्येकजण आपापल्या मोबाईलवर वेगळे काही पाहतो. तंबूत निदान आजी आणि काकू एकाच पडद्याकडे पाहत होत्या. मुलांना सिंड्रेला जरूर सांगा, सत्यवतीही सांगा. फक्त गोष्ट संपल्यावर विचारा, “आपल्या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं?”

देवीने काकूला काय दिले, मला ठाऊक नाही. आजीने दिलेली ती एक भाकरी मात्र तिने मरेपर्यंत आठवणीत ठेवली होती.