उठबस चालू राहू द्या

म्हैसूर-कुर्गच्या सहलीला निघालेली मराठी मंडळी वाटेत बैलकुप्पे येथे हमखास थांबतात. नामड्रोलिंग मठातले सुवर्णमंदिर आणि तिथली ६० फूट उंचीची सोनेरी बुद्धमूर्ती पाहतात, फोटो काढतात आणि कुशालनगरच्या रस्त्याला लागतात. म्हैसूर जिल्ह्यातील या गावाजवळ १९६०-६१ च्या सुमारास तिबेटी निर्वासितांची वसाहत वसली. तेव्हाच्या म्हैसूर राज्य सरकारने दिलेले जंगल साफ करून या लोकांनी मका पेरला, घरे बांधली. त्या वेळी विशी-पंचविशीत असलेली माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. दर हिवाळ्यात आपल्या शहरांत स्वेटर विकायला येणारे कितीतरी तिबेटी विक्रेते अशाच वसाहतींतून येतात. तरुण मंडळी शहरात किंवा परदेशी जातात आणि म्हाताऱ्या आईवडिलांकडे कोण बघणार हा प्रश्न मागे उरतो. हा प्रश्न आपल्याकडे जितका आहे, तितकाच तिथेही आहे.

पण थोडे लवकर उठून मठाच्या आवारात गेलात, तर मूर्तीइतकेच पाहण्यासारखे आणखी काही दिसेल. हातात १०८ मण्यांची माळ किंवा मणिचक्र घेतलेली वृद्ध माणसे मठाभोवती, स्तूपाभोवती संथपणे चालत असतात. या प्रदक्षिणेला ती ‘कोरा’ म्हणतात. काहीजण आपल्या साष्टांग नमस्कारासारखे दंडवत घालतात. म्हणजे उभे राहून हात जोडायचे, गुडघ्यांवर यायचे, जमिनीवर पूर्ण आडवे व्हायचे आणि पुन्हा उठायचे. व्यायाम म्हणून यातले काहीच केले जात नाही. ती त्यांची उपासना आहे. शरीराच्या दृष्टीने पाहिले तर मात्र रोजचे चालणे झाले, बोटांची हालचाल झाली आणि ज्याला जमते त्याचे जमिनीपर्यंत जाऊन परत उठणेही झाले. तिथल्या वृद्धांचे गुडघे दुखत नाहीत असे नाही. पण रोज उठून बाहेर पडायला त्यांच्याकडे एक कारण असते.

आपल्या घरात काय होते?

आपल्याकडेही हे सारे होतेच. तुळशीला पाणी, देवळाची प्रदक्षिणा, पाटावर बसून जेवण, जमिनीवर बसून निवडणे-टिपणे. घरे बदलली आणि जेवण टेबलावर आले. त्याविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही. गुडघे झिजलेल्या माणसाला खुर्ची ही सोयच आहे. खरी अडचण वेगळीच आहे. सासूबाई पाण्यासाठी उठू लागल्या, की सून म्हणते, “आई, तुम्ही बसा, मी आणते.” वडील पेपर घ्यायला निघाले, की मुलगा म्हणतो, “बाबा, कशाला त्रास घेता?” हे सगळे मायेपोटीच असते. पण दिवसातून वीस वेळा होणारी उठबस अशी पाचावर येते, आणि एके दिवशी आधाराशिवाय उठताच येत नाही. मग आपण म्हणतो, “वयच झालं आता.”

सगळा दोष वयाचा नसतो. स्नायू वयाबरोबर कमी होतात हे खरे, पण न वापरल्याने ते फार वेगाने कमी होतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना केवळ १० दिवस अंथरुणावर ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस घटले. साध्या तापानंतर आजी एकदम का खचतात, याचे उत्तर यात आहे.

आता दिलासा देणारी दुसरी बाजू. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धोपचार केंद्रात नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांना देखरेखीखाली आठ आठवडे पायांचा ताकदीचा व्यायाम दिला गेला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी जवळजवळ पावणेतीन पट झाली. दोघांनी तर काठी सोडली. म्हणजे नव्वदीतही स्नायू हाकेला ओ देतात.

म्हातारपणी सर्वात मोलाची ताकद म्हणजे उठण्याची. संडासातून, पलंगावरून, खुर्चीतून स्वतःचे स्वतः उठता येणे, यावर माणसाची अब्रू आणि घरातल्या सर्वांची झोप अवलंबून असते.

सुरुवात करण्यापूर्वी

छातीत दुखणे, बसल्या जागी धाप लागणे, वारंवार चक्कर, आटोक्यात नसलेला रक्तदाब, नुकतेच झालेले ऑपरेशन किंवा हाड मोडणे, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल, हाडे ठिसूळ असतील, तरी विचारा. रक्तदाबाच्या व झोपेच्या गोळ्यांनी उठताना तोल जाऊ शकतो. तसे होत असेल तर तेही त्यांना सांगा.

खुर्ची भक्कम, हात असलेली, साधारण दीड फूट उंचीची असावी आणि तिची पाठ भिंतीला टेकलेली असावी. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची सरकते, ती नको. फरशी कोरडी हवी. पायांत मोजे किंवा सैल सपाता नकोत. चष्मा लावलेला असावा. आणि पहिले काही दिवस घरातले कोणीतरी शेजारी उभे असावे.

घरच्या घरी सहा हालचाली

पहिली, घोटे हलवणे. सकाळी उठताना आधी पलंगाच्या कडेवर बसावे. पाऊल वर-खाली दहा वेळा हलवावे आणि मगच उभे राहावे. एकदम उठल्याने येणारी भोवळ यामुळे पुष्कळदा टळते.

दुसरी, आणि सर्वात महत्त्वाची, खुर्चीतून उठणे-बसणे. खुर्चीच्या पुढच्या भागात बसावे. पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत. अंग पुढे झुकवावे, नाक पायाच्या बोटांच्या वर आले पाहिजे, आणि मग उठावे. बसताना धपकन बसू नये. मनात तीन अंक मोजत हळू बसावे, कारण ताकद बसतानाही वाढते. सुरुवातीला पाच वेळा पुरे. जमेल तसे आठ-दहापर्यंत न्यावे, आणि थोडी विश्रांती घेऊन पुन्हा एकदा करावे. उठता येत नसेल तर खुर्चीवर घडी घातलेली सतरंजी ठेवून बैठक उंच करावी, किंवा खुर्चीच्या हातांचा आधार घ्यावा. ताकद आली की सतरंजी काढावी, मग हातांचा आधार कमी करावा.

तिसरी, गुडघा सरळ करणे. खुर्चीत बसून एक पाय समोर सरळ करावा, तीन ते पाच सेकंद धरावा, हळू खाली आणावा. प्रत्येक पायाने आठ-दहा वेळा. ज्यांना गुडघेदुखीमुळे उठबस जड जाते, त्यांनी इथून सुरुवात करावी.

चौथी, टाचा उचलणे. स्वयंपाकघराचा ओटा दोन्ही हातांनी धरून चवड्यांवर उभे राहावे, हळू खाली यावे. आठ-दहा वेळा. मग ओटा धरूनच चार पावले उजवीकडे, चार डावीकडे आडवे चालावे. यामुळे खुब्याच्या बाजूचे स्नायू बळकट होतात, आणि तोल सांभाळण्याचे बरेचसे काम त्यांचेच असते.

पाचवी, तोल. ओटा धरून एका पावलाच्या पुढे दुसरे पाऊल, टाच अंगठ्याला लावून, दहा सेकंद उभे राहावे. मग पाय बदलावा. हे एकटे असताना कधीही करू नये.

सहावी, खांदे आणि हात. भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तळवे भिंतीला टेकवावेत, कोपर वाकवून अंग भिंतीकडे न्यावे आणि भिंत ढकलून परत यावे. त्यानंतर टॉवेलची दोन टोके धरून हात जमेल तितके डोक्यावर न्यावेत. केस विंचरणे, ब्लाउज घालणे, फळीवरचा डबा काढणे यांसाठी खांदे मोकळे राहायला हवेत.

श्वास रोखू नये. मोठ्याने अंक मोजले किंवा नाव घेतले की श्वास आपोआप चालू राहतो. व्यायाम करताना बोलता येत असेल, पण गाणे म्हणणे जड जात असेल, तर श्रम योग्य प्रमाणात आहेत असे समजावे. दुसऱ्या दिवशी मांड्या थोड्या आंबल्यासारख्या वाटल्या तर काळजी नको. सांध्यात तीव्र कळ, छातीत दडपण किंवा गरगरणे मात्र थांबण्याची खूण आहे.

किती वेळा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांपुढच्या लोकांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल व ताकदीचा व्यायाम सुचवला आहे. १५० हा आकडा पाहून घाबरू नका. दहा-दहा मिनिटांचे चालणेही त्यात धरले जाते, आणि काहीच न करण्यापेक्षा थोडे केव्हाही बरे. मात्र “आमचे बाबा रोज फिरायला जातात, तेवढे बस्स,” असे समजू नका. चालण्याने दमसास वाढतो. खुर्चीतून उठण्याची ताकद त्याने पुरेशी वाढत नाही. त्यासाठी उठबसच हवी.

प्रगती मोजायला एक सोपी रीत आहे. हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तक्त्यानुसार ७० ते ७४ वयाच्या पुरुषांना १२ व स्त्रियांना १०, तर ८० ते ८४ वयात पुरुषांना १० व स्त्रियांना ९ पेक्षा कमी जमले, तर पडण्याचा धोका अधिक समजावा. कॅलेंडरवर आजचा आकडा लिहा. महिन्याने पुन्हा मोजा. एक-दोनने वाढलेला आकडा पाहून आजोबांना जो हुरूप येतो, तो शंभर उपदेशांनी येत नाही.

आधार द्यावा तो कसा?

उठवताना दंडाला किंवा काखेत धरून ओढू नका. त्याने खांदा दुखावतो आणि त्यांचे पाय कामच करत नाहीत. बाजूला, किंचित मागे उभे राहा, एक हात कमरेपाशी ठेवा, आणि म्हणा, “आई, पुढे झुका. मी आहे इथे.” त्यांना वेळ लागेल. तो लागू द्या.

कोणी पडलेच, तर घाईने उचलू नका. खुब्यात असह्य दुखत असेल, पाय बाहेर वळलेला किंवा आखूड दिसत असेल, डोक्याला मार असेल, तर हलवू नका. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. काही लागलेले नसेल तर त्यांना कुशीवर वळू द्या, कोपरावर, मग हात-गुडघ्यांवर येऊ द्या. समोर खुर्ची ठेवा. तिच्यावर हात टेकून एक पाऊल पुढे घेत त्या उठतील. ज्यांचे गुडघे बरे आहेत त्यांनी ही कृती न पडताच, गादीवर, कोणाच्या तरी सोबतीने शिकून ठेवावी. दंडवत घालणाऱ्या त्या तिबेटी वृद्धांना ती रोजच्या सवयीने ठाऊक असते.

व्यायामाला अन्नाची जोड हवी. चहा-बिस्किटावर स्नायू बनत नाहीत. प्रत्येक जेवणात घट्ट वरण, उसळ, दही, पनीर, शेंगदाण्याचे कूट किंवा चालत असेल तर अंडे, यांपैकी काहीतरी असावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

ऐकत नाहीत, काय करावे?

“व्यायाम करा” म्हटले की बहुतेक वडीलमाणसे “आता कशाला?” असेच म्हणणार. त्यापेक्षा कामे परत द्या. देवघरातली फुले त्यांनी आणायची, दूधवाल्याला दार त्यांनी उघडायचे, नातवाला जिन्यापर्यंत सोडायला त्यांनीच जायचे. मालिकेत जाहिरात लागली की पाच उठबशा. यात नातवंडांना सामील करून घ्या, ती मोजायला एका पायावर तयार असतात. व्यायाम वेगळा काढून ठेवला की राहून जातो. बैलकुप्पेच्या वृद्धांसारखा तो दिवसाच्या क्रमात बसला, की आठवण करून द्यावी लागत नाही.

उद्या आई पाण्यासाठी उठू लागल्या, तर जागीच थांबा. वाटेत सांडलेले पाणी आणि दुमडलेले पायपुसणे तेवढे उचला. आणि त्यांनाच सांगा, “माझ्यासाठीही एक पेला आणाल?”