बिल्टीवर नाव कुणाचं?

या अंकासाठी मी 'पॅकर्स अँड मूव्हर्स'वर लिहिते आहे म्हटल्यावर एका मैत्रिणीनं विचारलं, "हा विषय ग्राहक संघटनांचा. आपल्या अंकात कशाला?" तिची शंका रास्त असली तरी मला ती पटत नाही. १९७२-७३ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या त्या महागाईविरुद्ध. हा प्रश्न ग्राहकांचा की स्त्रियांचा, अशी वाटणी तेव्हा कुणी केली नव्हती. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. ग्राहक चळवळीत 'ग्राहक' नावाचा एक माणूस आला, ज्याला ना लिंग ना जात. आपण हुंडा, हिंसा, पोटगी, वारसाहक्क यांत गुंतलो, आणि ते गरजेचंच होतं. पण घरातल्या वस्तू कुणाच्या आणि त्यांच्याबद्दलचा कागद कुणाच्या नावाचा, हा प्रश्न दोन्ही वाटांच्या मधे तसाच पडून राहिला.

घर हलवायचं म्हणजे काय, हे बाईला विचारावं. कुठल्या खोक्यात डाळींचे डबे आहेत, औषधं कुठे ठेवली, कपाटाची किल्ली कुठल्या पिशवीत, देव कशात गुंडाळले, सगळं तिच्या डोक्यात असतं. महिनाभर आधीपासून ती जुनी वर्तमानपत्रं साठवत असते. आणि कागद करायची वेळ आली की फोनवरचा माणूस विचारतो, "मॅडम, साहेबांचं नाव सांगा."

आमच्या सल्ला केंद्रात आलेल्या एका परिचारिकेची गोष्ट सांगते. बदली तिची, कोकणातून मराठवाड्यात. नवरा नोकरीसाठी मुंबईत. भाव तिनं ठरवला, पैसे तिच्या पगारातून गेले. पण बिल्टी निघाली 'साहेबां'च्या नावानं, कारण सामान भरायच्या दिवशी तो आलेला होता आणि कंपनीच्या माणसानं पेन त्याच्या हातात दिलं. सामान पोचलं तेव्हा एक खोकं आणि शिलाई मशीन गायब, फ्रिजचं दार चेपलेलं. त्या मशीनवर ती ड्यूटी संपल्यावर ब्लाउज शिवत असे, म्हणजे मशीन हे तिचं दुसरं उत्पन्न. तक्रार केली तर उत्तर मिळालं, "ज्यांच्या नावाची बिल्टी त्यांनाच बोलायला सांगा." साहेब म्हणाले, "जाऊ दे गं, जुनंच तर होतं." बिल्टीवर लिहिलं होतं: 'वापरलेलं घरसामान, नग ४२, किंमत रु. २०,०००.' हा आकडा कुठून आला? तिनं सांगितला नव्हता, नवऱ्यानंही नाही. कंपनीच्या माणसानं तो सवयीनं टाकला होता.

हा वीस हजारांचा आकडा किती महागात पडतो ते कळण्यासाठी कायदा थोडा समजून घ्यावा लागतो. घरसामान हलवणाऱ्यांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. रस्त्यानं मालवाहतूक करणाऱ्यांसाठीचा २००७ चा 'कॅरेज बाय रोड' कायदा त्यांनाही लागू होतो. तो १ मार्च २०११ पासून अमलात आला. तोवर इंग्रजांच्या काळातला १८६५ चा कायदा चालू होता. नव्या कायद्यानुसार अशा वाहतूकदाराला परिवहन प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. त्यात दोन कागद महत्त्वाचे. पहिला, माल पाठवणारीनं भरून द्यायचा 'गुड्स फॉरवर्डिंग नोट'. त्यात मालाचं वर्णन आणि किंमत आपण लिहायची असते. दुसरा, माल ताब्यात घेतल्यावर वाहतूकदारानं द्यायची पावती, म्हणजे बिल्टी. आमच्याकडे आलेल्या बायकांपैकी पहिला कागद पाहिलेली मला एकही आठवत नाही. तो त्यांच्या वतीनं कुणीतरी परस्पर भरतं, नाहीतर कुणी भरतच नाही.

आता हिशेब बघा. २०११ च्या नियमांप्रमाणे माल हरवला किंवा खराब झाला तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत, पण आपण जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. परिचारिकेनं भाडं दिलं होतं १८,०००. दहापट म्हणजे १,८०,०००. पण जाहीर किंमत २०,०००! तिचं सगळं सामान दरीत गेलं असतं तरी वाहतूकदार वीस हजारांवर हात झटकू शकला असता. यापेक्षा जास्त संरक्षण हवं असेल तर जास्त जोखमीचा दर देऊन तसं लेखी ठरवून घेण्याची सोय कायद्यात आहे, पण ती कुणी आपणहून सांगत नाही. शिवाय बिलात भाडं वेगळं आणि पॅकिंग, चढाई-उतराई वेगळी दाखवली तर दहापट कशाची, यावरही वाद निघू शकतो.

सांगतात काय, तर "मॅडम, इन्शुरन्स आहे ना!" बिलात 'ट्रान्झिट इन्शुरन्स' म्हणून दोन-तीन टक्के लावलेले असतात. विमा कंपनीची पॉलिसी किंवा प्रमाणपत्र, त्यावर आपलं नाव, सामानाची किंमत आणि प्रवासाची तारीख यातलं काही हातात येत नाही. विमा देण्याचा परवाना विमा कंपन्यांना असतो, वाहतूकदाराला नाही. प्रमाणपत्र दाखवत नसतील तर ते पैसे विम्याचे नाहीत असंच धरून चालावं. बिलावर जीएसटी आकारला असेल तर त्यावरचा पंधरा अंकी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकून नाव आणि पत्ता जुळतो का, हेही पाच मिनिटांत कळतं. महाराष्ट्रातल्या नोंदणीचे पहिले दोन अंक २७ असतात.

कायद्यात आपल्या बाजूचंही बरंच आहे. नुकसान वाहतूकदाराच्या निष्काळजीपणानं झालं हे आपल्याला सिद्ध करावं लागत नाही. बिल्टीवर 'ओनर्स रिस्क' म्हणजे मालकाच्या जोखमीवर असा शिक्का मारला म्हणून निष्काळजीपणाची जबाबदारी पुसली जात नाही; जुन्या कायद्याखालच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयानं २००० साली हेच सांगितलं. आपण मात्र एक मुदत पाळायची आहे: नुकसानीची लेखी नोटीस वाहतूकदाराला बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत पोचली पाहिजे. बुकिंगपासून, सामान मिळाल्यापासून नव्हे. ज्यांचं सामान नवं घर मिळेपर्यंत चार-पाच महिने गोदामात पडून असतं त्यांनी हे ध्यानात ठेवावं. फोन, विनवण्या, "साहेब बाहेरगावी आहेत" यातच हे दिवस सरतात.

पुढचा रस्ता ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एक फार मोठी गोष्ट केली: तक्रार करणारी जिथे राहते किंवा नोकरी करते तिथल्या जिल्हा आयोगात दावा दाखल करता येतो. बिल्टीच्या पाठीमागे बारीक टायपात 'सर्व वाद अमुक शहरातील न्यायालयात' असं छापलेलं असलं तरी घाबरायचं कारण नाही. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. घर हलवण्याचा खर्च सहसा त्याच्या आतच असतो. मुदत दोन वर्षांची, पण वरची १८० दिवसांची नोटीस आधी दिलेली हवी. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइन करता येते, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंदवता येते.

आणि 'ग्राहक' कोण? पैसे देणाऱ्याच्या संमतीनं सेवेचा लाभ घेणारी व्यक्तीही या कायद्यात ग्राहक आहे. म्हणजे बिल नवऱ्याच्या किंवा त्याच्या कंपनीच्या नावानं असलं तरी बाईला दार बंद नाही. परिचारिकेची तक्रार आम्ही याच आधारावर केली. पण 'संमती' हा शब्द नवरा-बायकोचं पटतंय तोवरच सोपा असतो. आपल्याकडे येणाऱ्या बायकांपैकी कितीजणींचं पटत असतं?

हा कागद सगळ्यात जास्त नडतो तो घर सोडून निघालेल्या बाईला. ती येते तेव्हा बहुधा एक टेम्पो, दोन तासांची सवड आणि सोबत भाऊ किंवा आपल्यातल्या कुणीतरी एवढंच असतं. यादी करायला वेळ कुठला? नंतर मात्र महिनोन् महिने तेच चालतं. ती म्हणते माझं गोदरेजचं कपाट तिकडे राहिलं, ते म्हणतात तिनं कधीच नेलं. प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली स्पष्ट केलं की स्त्रीधन सासरी ठेवलं म्हणून ते सासरच्यांचं होत नाही. कौटुंबिक हिंसाचार विरोधी २००५ च्या कायद्याखाली न्यायदंडाधिकारी स्त्रीधन परत करण्याचा आदेश देऊ शकतात. आदेश मिळतो, पण कशाकशाचा? लग्नातल्या भेटवस्तूंची यादी करून वधू-वरांनी सह्या करायच्या, असा नियम हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ सालापासून आहे. अशी यादी घेऊन आलेली बाई मी अजून पाहिलेली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की घर हलवताना होणारी यादी बायकांनी स्वतःच्या हातानं आणि स्वतःच्या नावानं करावी, मग घर सुखाचं असो की नसो. 'भांडी, १ खोकं' असं नको. भांड्यांवर नाव घालायची आपल्याकडे पद्धत आहे, तिचा उपयोग करा: पितळी कळशी, मावशीचं नाव कोरलेली, स्टीलचे सहा डबे, शिलाई मशीन, अमुक कंपनीचं, अमुक क्रमांकाचं. प्रत्येक वस्तूची आजची किंमत लिहा, खोक्यावर आणि यादीत एकच नंबर टाका, कंपनीच्या माणसाची तारखेसह सही घ्या. सामान उतरताना तीच यादी हातात धरून मोजणी करा आणि तुटफूट बिल्टीवरच लिहून मग सही करा. 'माल सुस्थितीत मिळाला' या छापील ओळीखाली आधी सही आणि नंतर खोकी उघडणं, हे अजिबात नको. या यादीनं मालकी सिद्ध होत नाही, हेही सांगायला हवं. त्या तारखेला ती वस्तू होती आणि कुणी पाठवली, एवढं तिऱ्हाइताच्या सहीनिशी कागदावर येतं. कोर्टात तेवढ्याचाही आधार होतो.

एका बाबतीत मात्र उलटी काळजी घ्यावी लागते. बिल्टीवर पोचवण्याचा पत्ता असतो. मारहाणीतून सुटून आलेल्या बाईचा नवा पत्ता त्या कागदावर आला की कंपनीला फोन करून तो काढून घेणं नवऱ्याला कठीण नाही. अशा वेळी नाव तिचं, पण पत्ता आणि फोन संस्थेचा किंवा विश्वासातल्या तिसऱ्या माणसाचा द्यावा आणि सामान तिथून हलवावं.

वाटेत ट्रक थांबवून जादा पैसे मागण्याचे प्रकारही होतात. पोलीस म्हणतात, "हा दिवाणी मामला." भाड्याचा खरा वाद असेल तर तसं असूही शकतं. पण सामानच लंपास केलं असेल तर तो विश्वासघाताचा गुन्हा आहे आणि वाहतूकदारानं केला तर त्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कलमाचा आकडा पाठ असू द्या, पोलीस चौकीवरचा सूर बदलतो.

या सगळ्यात भांडण हमालांशी नाही, हेही म्हणायला हवं. चार मजले फ्रिज पाठीवरून उतरवणाऱ्या माणसाला दिवसाचे किती मिळतात ते विचारून बघा. महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा असूनही त्यांच्यातल्या अनेकांची कुठे नोंद नसते. चहाच्या वेळी आपण त्यांच्यावर डाफरतो आणि ज्यानं करार केला तो फोन उचलत नाही.

मागण्या काय कराव्यात? अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घर हलवताना अंदाजपत्रक बंधनकारक नसेल, तर त्या अंदाजाच्या ११० टक्के रक्कम दिल्यावर सामान सोडावंच लागतं. उरलेल्या पैशासाठी अडवता येत नाही. हक्कांची पुस्तिकाही आधी द्यावी लागते. आपल्याकडे निदान एवढं व्हावं: नोंदणी झालेल्या घरसामान वाहतूकदारांची जिल्हावार यादी परिवहन कार्यालयानं दर्शनी लावावी, कागद मराठीत असावेत, आणि किमतीच्या रकान्याशेजारी त्या आकड्याचा भरपाईशी काय संबंध आहे ते ठळक छापावं.

यासाठी नमुने लागतील. वाचक गटांनी आपापल्या गावातल्या बायकांकडून घर हलवल्याच्या बिल्ट्या मिळवाव्यात, नाव-पत्ता झाकून पुढच्या अंकाच्या आधी आमच्याकडे झेरॉक्स पाठवावी. किती कागदांवर बाईचं नाव आहे आणि किमतीच्या रकान्यात काय लिहिलंय, ते मोजून आम्ही परिवहन आयुक्तांकडे जाणार आहोत.